सोळा चाकांचं हिरवं इंजिन

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने उंच इमारती आणि मोठाले धबधबे सांगावेत, अशी लोकांची अपेक्षा असते. सांगलीला परत आल्यापासून रोज संध्याकाळी कट्ट्यावर कोणी ना कोणी विचारतंच, "मग काय काय पाहिलंत?" मी म्हणतो, रेल्वेची इंजिनं पाहिली. "अमेरिकेतली?" नाही, इंग्लंडमधली. "इंग्लंडमधली इंजिनं अमेरिकेत?" हो, आणि एवढी एवढी, असं म्हणून मी हाताने वीतभराहून थोडं जास्त अंतर दाखवतो. इथवर आलं की ऐकणारा माझ्याकडे जरा काळजीने बघतो आणि विषय उसाच्या दराकडे वळवतो. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं. सगळं मला समजलंय असं नाही. निम्म्या गोष्टी अजून डोक्यावरून जातात. पण जे झालं ते झालं तसं सांगतो.

मी गेलो होतो अक्काला आणायला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुलभा, वय वर्षं बाहत्तर. लग्न होऊन ती आधी इंग्लंडला डर्बी नावाच्या गावी गेली आणि तिथून पुढे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला. तिथे भाऊजी, श्रीकांतराव, चिपच्या कारखान्यात इंजिनीअर होते. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. एकुलती एक मुलगी अमृता मिशिगनमध्ये नोव्हायला मोटारींच्या कंपनीत आहे. आईने आपल्याकडे यावं असं तिचं म्हणणं. सांगलीला यावं हे माझं. मी वरची खोली रंगवून, कमोड बसवून तयार ठेवली होती. आणि अक्काचं म्हणणं एकच, "येईन रे. एक गाडी यायचीय, ती आली की ठरवू."

ही गाडी म्हणजे खेळण्यातली. भाऊजींना इंग्लंडच्या रेल्वेची छोटी इंजिनं जमवायचा नाद होता, हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला माहीत. कोणी पाहुणा आला की अक्का म्हणायची, "हा ह्यांचा नाद," आणि भाऊजी कपाटापुढे उभे राहून चार वाक्यं बोलायचे. माणूस गेला तरी त्यांनी मागवून ठेवलेली पार्सलं येतच राहिली. अमृता मला फोनवर म्हणाली, "मामा, शी इज वेटिंग फॉर बाबा. प्रत्येक पार्सल आलं की तिला वाटतं ही इज स्टिल हिअर. तू तिला घेऊन जा, प्लीज." मलाही ते पटलं. पटलं म्हणूनच तर पुढचा सगळा घोळ झाला.

चँडलर, पहिले दोन दिवस

विमानाचं काही सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नसतं. विमानतळावर अक्का स्वतः गाडी घेऊन आली होती. सहा पदरी रस्त्यावर ही बाई एका हाताने स्टिअरिंग धरून मला घरचे कोण कसे आहेत ते विचारत होती, आणि पस्तीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढलेला मी सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

चँडलरमध्ये घरापुढे अंगण असतं, पण त्यात माती नसते, खडी असते. हौसेने आणून पसरलेली, रंग बघून निवडलेली खडी. आपल्याकडे दारात खडी पडली म्हणजे घराचं काम अर्धवट राहिलंय असं समजतात. मी अक्काला विचारलं की घर बांधून किती वर्षं झाली. "पंचवीस. का?" मी काही नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. अक्का मागे दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. दारात पार्सल ठेवून माणूस आपल्या व्हॅनकडे निघाला होता. सही वगैरे काही लागत असेल म्हणून मी "हॅलो, हॅलो" करत त्याच्या मागे धावलो. चपला दाराच्या आत काढलेल्या. सप्टेंबरचं ऊन आणि ती खडी! मी चार पावलं गेलो आणि तिथल्या तिथे नाचायला लागलो. तो माणूस भला होता, थांबून बघत राहिला आणि मग त्यानेही माझ्याकडे हात हलवला. सही लागत नव्हतीच. तळपायाला दोन फोड आले ते पुढचे चार दिवस पुरले.

अक्काने आधी पार्सल उचललं आणि मग माझे पाय पाहिले. बर्फाची पिशवी माझ्या हातात देऊन ती भाऊजींच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने बाहेर आली ती प्रसन्न दिसत होती.  दोन वर्षांनीसुद्धा नवऱ्याचं पार्सल ती एकटीने, दार लावून उघडते.

संध्याकाळी ती भाजी आणायला गेली तेव्हा मी त्या खोलीत शिरलो. तीन भिंतींना काचेची कपाटं, छतापर्यंत. त्यात निळी, हिरवी, करडी डिझेल इंजिनं ओळीने. टेबलावर आजचं होतं. एक ठेंगणं, काळपट, यार्डात डबे ढकलणारं इंजिन. मी ते उचलून चष्म्याजवळ नेलं आणि मला काही कळेना. ते नवं कोरं होतं, पण घाण होतं. चाकांवर गंज, टपावर धुराची काजळी, डिझेलच्या टाकीखाली तेलाचा ओघळ, आणि तो ओघळ जिथे असायला हवा नेमका तिथेच. मी बोट ओलं करून घासलं. निघेना. घाण रंगवलेली होती!

अक्का आल्यावर मी म्हटलं, "तुला फसवलंय. वापरलेला माल पाठवलाय."

"तसंच मिळतं ते. मुद्दाम करतात. स्वच्छ पाहिजे तर स्वच्छही मिळतं."

"आणि जास्त महाग कुठलं?"

"घाण."

पस्तीस वर्षं मी पोरांच्या मागे लागून बसची इंजिनं पुसून घेतली. 

चँडलर, तिसरा दिवस

सकाळी पोहे खाताना मी मुद्द्यावर आलो. "ती तुझी गाडी कधी येणार?"

"क्यू फोर म्हणाले होते."

"म्हणजे?"

"ऑक्टोबर ते डिसेंबर."

"म्हणजे आलीच की!"

"तो क्यू फोर गेल्या वर्षीचा. आता क्यू टू म्हणतात."

"मग जूनपर्यंत?"

"क्यू टू म्हणाले म्हणजे पुढच्या क्यू फोरला येईल," अक्का म्हणाली आणि तिने लिंबू पिळलं. हे लोक म्हणे आधी जाहीर करतात की अमुक इंजिन काढणार. मग लोक नाव नोंदवतात. मग चित्रं येतात, मग बिनरंगाचा नमुना येतो, मग त्या नमुन्यातल्या चुका लोक कळवतात, आणि अशी तीन-चार वर्षं गेली की इंजिन येतं. तोवर मागणारा जिवंत आहे की नाही, हे कोण बघतं? आमच्या भाऊजींचं उदाहरण समोरच होतं.

त्यातही एक भर होती. हल्ली काढतात ती मॉडेलं जतन केलेल्या इंजिनांची. म्हणजे इंग्लंडमध्ये जुनी डिझेल इंजिनं भंगारात निघाली तेव्हा हौशी लोकांनी त्यातली काही विकत घेतली, दुरुस्त केली, रंगवली आणि छोट्या छोट्या मार्गांवर शनिवार-रविवारी चालवायला लागले. आता त्या वाचलेल्या इंजिनांची, ती आज जशी दिसतात तशी, मॉडेलं निघतात. इंजिनाची नक्कल समजू शकते. पण म्हाताऱ्या इंजिनाची, त्याच्या म्हातारपणाच्या रंगातली नक्कल? आमच्या डेपोत आयुष्य संपलेली बस भंगारवाला घेऊन जायचा आणि आम्ही फाटक लावून घ्यायचो. एका बसच्या वेळी मला रडू आलं होतं, पण ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

अक्का दुपारी जरा आडवी झाली होती तेव्हा मी अमृताला फोन केला. ती म्हणाली, "मामा, बाबांच्या अकाउंटमध्ये थ्री पेंडिंग ऑर्डर्स आहेत. आपण त्या कॅन्सल केल्या तर व्हॉट विल शी वेट फॉर? पण आस्क हर फर्स्ट, ओके?"

मी ओके म्हटलं आणि विचारलं नाही. वर्कशॉपमध्ये प्रत्येकाला विचारत बसलो असतो तर एक बस वेळेवर सुटली नसती. इंजिनांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर भाऊजींची मेल उघडीच होती. मी एका बोटाने, पाऊण तास खपून, इंग्लंडच्या त्या दुकानाला इंग्रजीत लिहिलं. कळवण्यास अत्यंत दुःख होते की आपले गिऱ्हाईक श्री. श्रीकांत हे वारले आहेत. तरी त्यांच्या सर्व मागण्या रद्द कराव्यात. आपला नम्र, मयताचा मेहुणा. पाठवलं आणि मला एकदम हलकं वाटलं. अक्काची बेडी मी तोडली, असं मी मनात म्हटल्याचं अजून आठवतं.

प्रेस्कॉट

पाचव्या दिवशी अक्का म्हणाली, "चल, वॉल्टरकडे जाऊ. आज महिन्याचा तिसरा शनिवार, दर महिन्याला जाते मी." वॉल्टर हा भाऊजींचा इंजिनवाला मित्र, असं मी ऐकून होतो. चँडलरहून प्रेस्कॉट दोन तास. आधी सपाट वाळवंट आणि त्यात माणसापेक्षा उंच निवडुंग, कोणी स्टॅच्यू म्हटल्यासारखे हात वर करून थांबलेले. मग रस्ता चढायला लागतो, निवडुंग संपतात, आणि एका वळणानंतर पाइनची झाडं आणि चक्क गार वारा. चँडलरच्या उकाड्यातून आलेल्या माणसाला ही फसवणूक वाटते, पण चांगली.

वॉल्टर सत्तरीचा, उंच, पोट सुटलेला, आयुष्यभर शाळेची बस चालवलेला. हे कळल्यावर मी त्याचा हात जरा जोरात हलवला. त्याच्या गॅरेजमध्ये मोटार नव्हतीच. कमरेच्या उंचीवर, चारी भिंतींना लागून, एक अख्खं इंग्लिश गाव होतं. विटांची घरं, चर्च, ओले दिसणारे रस्ते, आणि मधोमध सहा फलाटांचं स्टेशन. मी अक्काला म्हटलं, "हा इंग्लंडला किती वर्षं होता?"

"एकदाही गेला नाही."

"मग?"

"आवडतं त्याला."

वॉल्टरने मला मोठ्या उत्साहाने बरंच काही सांगितलं. त्यातलं मला कळलं ते असं की इंजिनं एका प्रमाणात लहान केलेली असतात आणि रूळ दुसऱ्याच. म्हणजे रूळ जरा अरुंद आहेत, चुकीचे आहेत, हे जगातल्या प्रत्येक हौशी माणसाला ठाऊक आहे, आणि तरी त्यावरच सगळे चालवतात. मी विचारलं, मग बदलत का नाहीत? वॉल्टरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घराण्याबद्दल काहीतरी बोललो होतो.

आणि मग अक्काने पर्स खुर्चीवर ठेवली, पदर खोचला, हात धुऊन आली आणि कंट्रोलर हातात घेतला. मला वाटलं, बघायला घेतलाय. तिने एक बटण दाबलं आणि कोपऱ्यातल्या निळ्या इंजिनातून आवाज आला. त्या दिवसात मला कळलेली ती पहिली गोष्ट. थंडीतलं डिझेल सुरू होतानाचा आवाज! आधी खोकला, मग एक सिलिंडर मागे राहिल्यासारखी अडखळ, मग हळूहळू सगळे एका तालात. मी न राहवून म्हणालो, "अजून गरम झालं नाही, लोड देऊ नको."

"माहितीय," अक्का म्हणाली. तिने ते नीट गरम होऊ दिलं, मगच डबे जोडले आणि गाडी अशी काही सुरू केली की फलाटावरच्या माणसांनासुद्धा धक्का लागू नये. वॉल्टर तिला "येस, बॉस" म्हणत होता आणि ती सांगेल तो सिग्नल पाडत होता.

"भाऊजींनी चांगलं शिकवलंय," मी म्हणालो.

वॉल्टरला तिने हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. श्रीकांत? श्रीकांत बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचायचा, तो म्हणाला. जेवायला आत यायचा. फार भला माणूस, पण त्याला इंजिनाचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

 मी अक्काकडे पाहिलं. तिने गाडी फलाटाला लावली आणि मग बोटाने मला जवळ बोलावलं. फलाट क्रमांक दोनवर चहाचा एक काउंटर होता, आगपेटीएवढा. त्याच्यामागे नखाएवढी एक बाई. साडी, त्यावर कोट, पायात बूट.

"हे डर्बीचं स्टेशन, आणि ती मी," अक्का म्हणाली. "आधी वॉल्टरने काउंटर फलाट एकवर लावला होता. मी हलवायला लावला."

"तू तर टायपिंगच्या ऑफिसात होतीस डर्बीला."

"पत्रात तसं लिहायचे. अण्णांना काय लिहू, स्टेशनवर कप विसळते म्हणून?"

आमच्या वडिलांनी अक्काच्या त्या टायपिंगचं गावभर कौतुक सांगितलं होतं. मी पण शाळेत सांगितलं होतं.

"ह्यांची ड्यूटी सकाळी सहाला. घरी माणूस नाही, दाणा नाही, बोलायला कोणी नाही. स्टेशनवर निदान ऊब होती. तिथे एक इंजिन यायचं लंडनची गाडी घेऊन. रोज नाही, आठवड्यातून दोनदा-तीनदा. नंबर मी वहीत लिहून ठेवायचे. सोळा चाकं, बारा सिलिंडर. ते दिसायच्या आधी बशा थरथरायच्या. पहिल्या हिवाळ्यात, दिन्या, ते आलं की मला घरचं कोणी आल्यासारखं वाटायचं."

"आणि हे सगळं भाऊजींचं म्हणून..."

"बाई आगगाड्या खेळते म्हणाले असते सगळे. हे म्हणाले, माझ्या नावावर खपव. चार वाक्यं पाठ करून ठेवली होती पाहुण्यांसाठी. खातंसुद्धा ह्यांनीच ह्यांच्या नावाने उघडून दिलं."

ती चार वाक्यं मीही ऐकली होती. मी त्यांना इंजिनाचं हॉर्सपॉवर विचारलं होतं तेव्हा भाऊजी पाणी आणायला म्हणून आत गेले होते आणि बराच वेळ आले नव्हते. हा माणूस चाळीस वर्षं बायकोच्या हौसेचा आळ स्वतःवर घेऊन फिरला, आणि मी त्याला मनातल्या मनात पोरकट म्हणत होतो. मला फार लाज वाटली.

"मग ती यायची गाडी?" मी विचारलं. 

"तेच इंजिन. वाचलंय ते. लोकांनी वर्गणी काढून घेतलं, वीस वर्षं खपून चालू केलं. त्याचं मॉडेल निघतंय. त्यातला आवाजसुद्धा त्याच इंजिनाला माइक लावून घेतलाय. माझ्या वेळी ते निळं होतं, आता हिरवं आहे. दोन्ही रंगांत निघतंय."

"तू निळं मागवलंस."

"हिरवं."

"का? तू पाहिलंस ते निळं."

"ते आता जसं आहे तसं हवंय मला. मी तरी कुठे तेव्हासारखी राहिलेय?" मग वॉल्टरकडे वळून तिने हेच इंग्रजीत सांगितलं असावं, कारण त्याने मान हलवली, बहुधा शंभराव्यांदा ऐकलेल्या माणसाची. "थोडीच बनवणार होते हिरवी. मी पहिल्याच सकाळी नोंदवलं. आता सगळी संपलीत."

वॉल्टरने दुपारच्या जेवणाला घेवड्याची तिखट उसळ केली होती, तिला ते चिली म्हणतात, आणि मक्याची भाकरी. भाकरी म्हणून मोठ्या आशेने घास घेतला तर तो गोड केक निघाला. एरवी मी त्यावर बोललो असतो. त्या दिवशी मी सगळं मुकाट्याने गिळलं.

परतीचा रस्ता

उतारावर निवडुंग परत दिसायला लागले तेव्हा मी सांगितलं. आधी पायाच्या फोडांबद्दल बोललो, मग हवेबद्दल, मग सांगितलं.  पुढच्या फाट्याला तिने गाडी वळवली, एका पेट्रोल पंपाच्या सावलीत लावली, इंजिन बंद केलं आणि फोन काढला. भाऊजींची मेल तिच्याच फोनवर होती. उत्तर आलेलं होतं.

तिने ते मला मराठीत सांगितलं, वर्तमानपत्र वाचून दाखवावं तसं. "आमचे जुने गिऱ्हाईक वारल्याचं वाचून फार वाईट वाटलं. तिन्ही मागण्या रद्द केल्या आहेत. हिरवं इंजिन प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला दिलं आहे. कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहोत."

तिने फोन मांडीवर ठेवला.

"गिऱ्हाईक मी आहे, दिन्या," ती म्हणाली. "तू मला मारलंस."

 ती म्हणाली, "दोन वर्षं सगळे मला विचारतायत, कुठे राहणार, कोणाकडे राहणार. ही एक गोष्ट माझी होती. तेवढीसुद्धा मला न विचारता." मग तिने गाडी सुरू केली.  रात्री तिने मला गरम गरम वाढलं, आणि मला ते खाववेना.

चँडलर, शेवटचे दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत त्या कॉम्प्युटरपुढे बसलो, ह्या वेळी अक्काला विचारून. लिहिलं, की वारलेले गिऱ्हाईक हे खरं गिऱ्हाईक नव्हते. खरं गिऱ्हाईक त्यांची पत्नी, जी माझी बहीण, ती जिवंत असून माझ्या शेजारी उभी आहे. चूक सर्वस्वी माझी, तरी इंजिन परत मिळावं. दुकानदाराचं उत्तर संध्याकाळी आलं. त्याने फार अदबीने विचारलं होतं की नेमकं कोण वारलं आहे, हे कृपया एकदा स्पष्ट करावं. अक्का ते वाचून पहिल्यांदा हसली. हसता हसता ती डोळे पुसायला लागली, आणि मग मीही.

अमृताला तिने स्वतः फोन करून सांगितलं. मी स्पीकरवर ऐकत होतो. अमृताने सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग, "आई, ऑल ऑफ इट वॉज यू? आणि मला लहानपणी बाबा रागवायचे, त्यांच्या ट्रेन्सना हात लावायचा नाही म्हणून!"

"मीच सांगायला लावायचे त्यांना," अक्का म्हणाली.

"अनबिलिव्हेबल. मी बारा वर्षं बाबांना बर्थडेला ट्रेनची पुस्तकं दिली."

"मी वाचली ना सगळी."

तीनपैकी दोन मागण्या परत लागल्या. हिरव्याचं काही होण्यासारखं नव्हतं, ते ज्याला गेलं त्याला गेलं. मात्र दुकानदाराने कळवलं की मागणी बघता कारखाना तेच हिरवं इंजिन आणखी एकदा काढायच्या विचारात आहे. नक्की नाही. निघालंच तर दोन वर्षांनी, क्यू फोर. नाव नोंदवून ठेवायचं असल्यास ठेवा.

मी अक्काला म्हटलं, "तोवर इथे एकटी कशाला? सांगलीला चल. पार्सल तिकडेही येईल. कपाटं मी करून घेतो, वॉल्टरसारखं गावसुद्धा करू गच्चीवरच्या खोलीत. फलाट मी बनवतो." मी हे अगदी मनापासून म्हणत होतो. ती खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसली आणि म्हणाली, "आधी नवं खातं काढू दे."

मी तिच्या मागे उभा राहिलो. नावाच्या चौकटीत तिने 'सुलभा' लिहिलं आणि क्षणभर त्याकडे बघत बसली. चाळीस वर्षांत त्या दुकानाला हे नाव कळलं नव्हतं. मग पत्ता. मी श्वास धरून बघत होतो, खोटं कशाला सांगू. तिने चँडलरचा घातला. रस्ता, घर नंबर, पिन कोड, न अडखळता.

"अक्का."

"इथे माझी तिसऱ्या शनिवारची गाडी असते, दिन्या. चहाचा काउंटर असतो. तिकडे मी कोणाची तरी अक्का, कोणाची तरी आत्या. येईन की, हिवाळ्यात महिनाभर येईन." मग तिने मागे न बघता माझा हात थोपटला.

फॉर्मच्या शेवटी एक मोठी चौकट होती, इतर काही सूचना असल्यास लिहाव्यात म्हणून. तिथे अक्का थांबली. मग तिने माझा सांगलीचा पत्ता विचारला, गल्लीसकट. मला वाटलं, मन बदललं. मी घाईघाईने सांगितला. तिने इंग्रजीत दोन ओळी टाइप केल्या, आणि मी वाकून त्या वाचल्या. इंजिन येईपर्यंत मी हयात नसले, तर ते माझ्या भावाला ह्या पत्त्यावर पाठवावं. त्याने काहीही लिहिलं तरी मागणी रद्द करू नये.

"आणि मी काय करू त्याचं?" मी विचारलं.

"आधी गरम होऊ दे," ती म्हणाली. "मग चालव."

मी एकटाच परत आलो. वरच्या खोलीत सध्या नातू अभ्यास करतो. आमच्या गल्लीचा पोस्टमन आणि ते कुरिअरवाले हल्ली मला ओळखतात, कारण त्यांची गाडी दिसली की मी दारात येऊन उभा राहतो. त्यांना वाटतं, काकांचं काहीतरी महत्त्वाचं यायचंय. ते पुढे निघून गेले की मी आत येतो आणि अक्काला फोन लावतो, आणि पलीकडे तिने उचलेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.